खिशांतील शाई



सदऱ्याच्या डाव्या खिशाखालीं निळा डाग कधींच पडला नाहीं असा सुशिक्षित गृहस्थ आमच्या पिढींत शोधूनच काढावा लागेल. तो डाग धोब्याकडून जात नसे, लिंबू चोळून जात नसे, ताकांत भिजविल्यानें थोडासा फिका होई; आणि मग घरांतील मंडळी त्या सदऱ्याला ‘घरांत घालावयाचा’ म्हणून निवृत्तिवेतन देत. माझ्यापाशीं असे चार सदरे होते. आज ज्या विषयावर मी आपल्याशीं बोलणार आहें तो या डागाचाच इतिहास होय. फौंटनपेनाविषयीं बोलतांना लोक त्याच्या सोनेरी टोकाचें, त्यानें झालेल्या थोर सह्यांचें आणि त्याच्या किंमतीचें वर्णन करतात. मला मात्र या वस्तूचा खरा इतिहास तिनें आपल्या मालकांची जी निराशा केली तिच्यांत आहे असें वाटतें. कारण या पेनांत झालेली बहुतेक प्रत्येक सुधारणा कोणाच्या तरी संतापांतून वा लाजेंतून निघालेली आहे. मी कांहीं यंत्रशास्त्राचा पंडित नव्हें. सारा जन्म मुलांच्या वह्या तपासण्यांत गेला. त्या निमित्तानें शाईशीं जो संबंध आला, तेवढ्याच बळावर हें धाडस करीत आहें.

शाई बरोबर बाळगतां यावी ही इच्छा फार जुनी आहे. ज्याच्या कारकीर्दींत दहाव्या शतकांत इजिप्त जिंकला गेला त्या अल-मुइझ्झ या फातिमी खलिफानें, हात माखणार नाहींत आणि उलटें धरलें तरी गळणार नाहीं, असें पेन कारागिरांकडून करवून घेतल्याची हकीकत त्याच्या पदरीं असलेल्या काझी अल-नुमान यानें लिहून ठेवली आहे. पेन उरलें नाहीं, हकीकत उरली. लंडनचा प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स याला १६६३ सालीं एका स्नेह्यानें शाई बाळगतां येईल असें चांदीचें पेन पाठविलें, तेव्हां ही वस्तु फार गरजेची आहे अशी नोंद त्यानें आनंदानें केली. पुढें १८२७ सालीं पॅरिस येथें शिकत असलेल्या पेत्राके पोएनारू नांवाच्या रुमानियन विद्यार्थ्यानें, पिसाच्या नळींत शाई भरून लिहिण्याच्या युक्तीचें फ्रेंच सरकारकडून पेटंट मिळविलें. परंतु नळींत शाई भरणें हें पोरासोरांचेंही काम आहे. खरी अडचण त्यापुढें सुरू होते.

एक प्रयोग घरीं करून पाहावा. बारीक तोंडाची बाटली पाण्यानें काठोकाठ भरून एकदम उलटी करा. पाणी डबडब आवाज करीत, धक्क्याधक्क्यानें बाहेर पडतें. कारण पाण्यानें बाहेर जावयाचें तेंही तेथूनच आणि हवेनें आंत शिरावयाचें तेंही तेथूनच, म्हणून दोघांची दारांत चेंगराचेंगरी होते. आतां तेंच तोंड अगदीं केसासारखें बारीक केलें, तर हवा आंत जात नाहीं आणि पाणी थेंबभरही पडत नाहीं. प्रारंभींचीं फौंटनपेनें हीं अशीं दोन जातींचीं होतीं : एक धक्क्यासरशीं ओकणारें, आणि दुसरें रुसून बसणारें. पुष्कळदां एकच पेन सकाळीं एका जातीचें व सायंकाळीं दुसऱ्या जातीचें असे. आपण पेनाकडून मागतों तरी काय, पाहा. निब कागदाला टेकली कीं शाई आलीच पाहिजे, आणि उचलली कीं थांबलीच पाहिजे. वाहणें आणि न वाहणें हे दोन्ही धर्म एकाच नळीनें, कोणी सांगावें न लागतां, स्वतःच सांभाळावयाचे!

या कोड्याला व्यवहारांत टिकणारें उत्तर अमेरिकेंतील लुइस एडसन वॉटरमन यानें दिलें असें मानतात. त्याचें पेटंट १२ फेब्रुवारी १८८४ चें आहे. त्याविषयींची एक गोष्ट आपल्यापैकीं पुष्कळांनीं ऐकली असेल. वॉटरमन हा विम्याचा एजंट होता. एका मोठ्या गिऱ्हाइकापुढें त्यानें सहीसाठीं नवें कोरें फौंटनपेन धरलें. पेनानें करारपत्रावर शाईचा डोह केला. तो दुसरा कागद घेऊन येईपर्यंत प्रतिस्पर्ध्यानें गिऱ्हाईक पळविलें. आणि संतापलेल्या वॉटरमननें न गळणारें पेन तयार करण्याची प्रतिज्ञा केली. ही गोष्ट मीं वर्गांत चांगली रंगवून सांगितलेली आहे, एकदां नव्हे, पंचवीस वर्षें तरी. परंतु अलीकडे जुन्या कागदपत्रांचा शोध घेणाऱ्या अभ्यासकांनीं ती तपासली, तेव्हां तिला आधार सांपडला नाहीं. वॉटरमन १९०१ सालीं वारला. त्याच्या हयातींत ही कथा कोणी सांगितल्याचें दिसत नाहीं; पुढें जाहिरातींतून ती जगभर गेली. म्हणजे गळक्या पेनावरचा लोकांचा राग इतका सार्वत्रिक होता कीं, त्या रागावर एक पुराणकथा उभारून पेनें विकतां आलीं! माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी ऐकत असल्यास त्यांची मी येथें माफी मागतों.

गोष्ट खोटी ठरली तरी युक्ति खरी होती. निबच्या पोटाखालीं जो काळा दांडा असतो, ज्याला आपण जीभ म्हणतों, त्यांत वॉटरमनच्या पेनामध्यें एक खांच असे आणि त्या खांचेच्या तळाशीं आणखी बारीक चिरा पाडलेल्या असत. समईच्या वातींतून तेल चढतें त्याप्रमाणें बारीक चिरेंतून शाई आपण होऊन सरकते. आणि ती जितकी जाईल तितकी हवा बुडबुड्यांनीं खांचेंतून आंत शिरते. शाईला एक वाट झाली, हवेला दुसरी झाली. दारांतली चेंगराचेंगरी मिटली.

परंतु ज्याची गोष्ट मला खरोखर जवळची वाटते तो मनुष्य दुसराच आहे. अमेरिकेंतच, विस्कॉन्सिन संस्थानांतील जेन्सव्हिल गांवीं, जॉर्ज सॅफर्ड पार्कर नांवाचा एक तरुण शिक्षक तारायंत्राची विद्या शिकवीत असे. पगार तुटपुंजा, म्हणून जोडधंदा या नात्यानें तो दुसऱ्या एका कारखान्याचीं फौंटनपेनें आपल्याच विद्यार्थ्यांना विकी. पेनें गळूं लागलीं, अडूं लागलीं. आणि विद्यार्थी तीं घेऊन ज्यानें विकलीं त्याच्याकडेच परत येऊं लागले. कारखान्याकडे बोट दाखवून पार्करला मोकळें होतां आलें असतें. तसें न करतां त्यानें हत्यारें आणलीं व तो एकेक पेन उघडून दुरुस्त करूं लागला. दुसऱ्याचें वाईट पेन शंभरदां नीट करण्यापेक्षां आपणच चांगलें कां करूं नये, असें मनांत येऊन १८८८ सालीं त्यानें स्वतःची कंपनी काढली आणि पुढल्याच वर्षीं पहिलें पेटंट मिळविलें.

ही हकीकत मीं प्रथम वाचली तेव्हां थोडा वेळ पुस्तक मिटून बसलों. त्याचें कारण सांगतों.

मी नोकरींत नवा होतों. दहावीच्या वर्गांत बारा मुलें अशीं होतीं कीं ज्यांच्याजवळ धड पेन नव्हतें. परीक्षा तीन महिन्यांवर आली होती. मीं बाजारांत जाऊन घाऊक भावानें एक डझन पेनें आणलीं आणि मूळ किंमतीलाच त्या मुलांना दिलीं. नफा एका पैशाचा घेतला नाहीं, याचा मला त्या वेळीं बराच अभिमान होता. पेनें दिसावयाला सुरेख होतीं. टोपणाला सोनेरी कडें होतें. दुकानदारानें खात्री दिली आणि तीच खात्री मीं शिक्षकाच्या तोंडानें मुलांना दिली. बारांपैकीं सात पेनें महिन्याभरांत गळूं लागलीं. मीं मुलांना सांगितलें कीं, तुम्हीं नीट धुतलीं नसतील.

त्यांतील एका मुलाचे वडील कापडाच्या दुकानांत दिवाणजी होते. मुलगा गणितांत वर्गांत पहिला. बीजगणिताच्या पेपरांत त्याच्या पेनानें लिहिलेल्या पानावर शाई ओकली. तें पान खोडून त्यानें पुन्हां लिहावयास घेतलें तों पेन अडलें. पर्यवेक्षकांकडून दुसरें मिळेपर्यंत वेळ गेला व शेवटचे दोन प्रश्न राहिले. निकालांत त्याला अपेक्षेहून बरेच कमी गुण पडले. त्यांत पेनाचा दोष किती व इतर गोष्टींचा किती, हें कोण सांगणार? परंतु विज्ञानशाखेकडे जावयाचा मुलगा वाणिज्याकडे गेला, एवढें खरें. पुढें त्यानें टिपकागदांत गुंडाळून तें पेन मला आणून दिलें. मीं पैसे परत देऊं केले तेव्हां त्याचे वडील म्हणाले, “असूं द्या हो सर. पेन चांगलंच असणार, पोरालाच वापरतां आलं नसेल.” दिवाणजींनीं मला चार शब्द सुनावले असते तर बरें वाटलें असतें.

तें पेन मीं उघडून पाहिलें. जीभ एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कठीण केलेल्या रबराची, नव्हती. गुळगुळीत प्लॅस्टिकची होती. असल्या गुळगुळीत पृष्ठावर शाई पसरत नाहीं. अळवाच्या पानावर पाणी राहतें तशी थेंबाथेंबानें राहते. शिवाय खांच इतकी उथळ होती कीं हवेची वाट जवळजवळ बंदच होती. दोष मुलाचा नव्हता. पेनाच्या पोटांत पाहावयाचें असतें हें मला ठाऊकच नव्हतें, आणि तरीही मीं बारा मुलांना खात्री दिली होती.

असो. पार्करकडे वळूं. त्यानें ज्या तक्रारीचा पाठपुरावा केला ती सदऱ्याच्या खिशाचीच होती. पेन खिशांत निब वर करून उभें असतें. जिभेच्या खांचेंत थोडी शाई अडकून राहिलेली असते. अंगाच्या उबेनें नळींतील हवा फुगते आणि ती शाई वर टोपणांत ढकलते. मग आपण टोपण काढतों आणि बोटें निळीं होतात. पार्करनें जिभेचें शेपूट वांकवून नळीच्या भिंतीला टेकविलें, त्यायोगें अडकलेली शाई भिंतीवरून खालीं उतरे. या ‘लकी कर्व्ह’चें पेटंट १८९४ चें आहे. दिसावयाला केवढीशी गोष्ट. पण ती सुचण्यासाठीं कोणीतरी दुसऱ्याच्या निळ्या बोटांकडे लक्ष देऊन पाहावें लागलें.

पुढें तक्रारीची जागा बदलली. ड्रॉपरनें शाई भरतांना टेबल, बोटें व धोतर यांवर जें सांडे त्याचा लोकांना वीट आला, आणि आपलें आपण भरणारीं पेनें निघालीं. कॉंक्लिन कंपनीच्या पेनाला पाठीवर चंद्रकोरीसारखी धातूची कडी असे. ती दाबली कीं आंतील रबराची पिशवी दबे व सोडली कीं शाई ओढून घेई. विनोदी लेखक मार्क ट्वेन यानें १९०३ सालीं या पेनाला प्रशस्तिपत्र दिलें. त्यांत, या कडीमुळें पेन टेबलावरून घरंगळत नाहीं व त्यामुळें आपल्या तोंडच्या शिव्या वांचतात, हा गुणही त्यानें नमूद केला. आयोवा संस्थानांतील वॉल्टर शेफर या जवाहिऱ्यानें कडीऐवजीं पेनाच्या अंगांत बसणारी तरफ केली. तिचें पेटंट १९०८ चें.

आमच्या हवेंत मात्र ही रबराची पिशवी फार दिवस सुखानें नांदली नाहीं. उन्हाळ्याच्या उष्म्यानें व पावसाळ्याच्या दमटपणानें रबर आधीं चिकट होतें, मग फाटतें, आणि एके दिवशीं सगळी शाई एकदम खिशांत येते. म्हणून हिंदुस्थानांत ड्रॉपरनें भरावयाचें साधें पेनच दीर्घकाळ टिकलें. त्यांत कुजावयाला कांहीं नाहीं आणि शाईही भरपूर मावते. पण त्याचाही एक स्वभाव आहे. पेन भरलेलें असतांना आंत हवा थोडी असते. शाई तिसऱ्या हिश्शावर आली कीं हवा पुष्कळ होते, हाताच्या उबेनें फुगते, आणि नेमका सहीच्या वेळीं थेंब सोडते. परीक्षेच्या दिवशीं पेन पुन्हां भरून जा, असें मी मुलांना सांगत असें तें शाई संपेल म्हणून नव्हे, हवा वाढूं नये म्हणून. हें शहाणपण मला त्या बारा पेनांनंतर आलें, हें सांगितलें पाहिजे.

शाईची कथा तर याहून निराळी आहे. आपली जुनी शाई काजळ व गोंद यांची. बोरूला ती उत्तम. कागदावर शतकें टिकते. मोडीचे जुने कागद ज्यांनीं हाताळले आहेत त्यांनीं पाहिलें असेल कीं, दौतींत बोरू बुडविल्यानंतरचीं अक्षरें काळीभोर असतात, पुढें फिकीं होत जातात, आणि एकदम पुन्हां काळीं होतात. लिहिणारानें दम कोठें घेतला तें तीनशें वर्षांनंतरही दिसतें! पण हीच शाई फौंटनपेनांत घातली तर काजळाचे कण व गोंद मिळून चिरा दोन दिवसांत बुजतात. दुसरी शाई हिरड्याची किंवा मायफळाची व हिराकसाची. ती आम्लधर्मी, पोलादी निब हळूहळू खाऊन टाकते. निब सोन्याची करीत ती श्रीमंती मिरविण्यासाठींच नव्हे. सोनें शाईनें गंजत नाहीं हें त्याचें मुख्य कारण. परंतु सोनें मऊ, कागदावर झिजणारें. म्हणून टोकाला इरिडियमच्या जातीच्या अतिकठीण धातूचा कण जोडावा लागतो. आणि तो कण गोल असल्यामुळें बोरूच्या तिरक्या कापाचें जाड-बारीक वळण त्यांतून उतरत नाहीं. आम्ही शिक्षक लहान वर्गांत फौंटनपेनाला विरोध करीत असूं, त्याचें हेंही एक कारण होतें. तो विरोध मला अजूनही चुकीचा वाटत नाहीं.

फौंटनपेनाला हवी ती रंगाची, पातळ व गाळ न धरणारी शाई. मुंबईस गिरगांवांत १९३१ सालीं दांडेकर बंधूंनीं ‘हॉर्स ब्रँड’ या नांवानें शाईची पूड व वड्या काढल्या. पुढें त्यांची ‘कॅमल’ शाई आली आणि तिच्यावरूनच कॅम्लिन हें नांव घरोघर झालें. वडी पाण्यांत विरघळवितांना तळाशीं जो गाळ राही तो गाळून न घेतां पेनांत ओतणारे आणि मग पेनाला शिव्या देणारे सद्गृहस्थ मीं पुष्कळ पाहिले आहेत. दोन रंगांच्या शाया मिसळणें, पेन महिनेच्या महिने भरून कपाटांत ठेवणें, हींही त्यांतलींच पापें. उलट, कारखानदारही कांहीं कमी नव्हते. पार्कर कंपनीचें ‘५१’ हें पेन १९४१ सालीं बाजारांत आलें. त्यासाठीं काढलेली झटकन् वाळणारी शाई इतकी तिखट होती कीं, ती इतर पेनांत घालूं नये अशी सूचना द्यावी लागे!

पेनावर विश्वास ठेवण्यापूर्वीं काय करावें याचा एक नमुना आपल्या वर्ध्याचाच आहे. राजमहेंद्री येथील के. व्ही. रत्नम यांनीं तयार केलेलें स्वदेशी पेन जे. सी. कुमारप्पा यांच्यामार्फत गांधीजींकडे पोहोंचलें. गांधीजींनीं १६ जुलै १९३५ रोजीं आभाराचें पत्र लिहिलें. पण त्यांत आधीं आपण तें वापरून पाहिलें असें सांगितलें, आणि मगच, बाजारांतील परदेशी पेनांना तें चांगला पर्याय दिसतें, असा अभिप्राय दिला. स्वदेशी आहे म्हणून चांगलें, असें त्यांनीं लिहिलें नाहीं.

फौंटनपेनाचें राज्य गेलें तें बॉलपेनामुळें, हें सर्वांना ठाऊक आहे. हंगेरियन पत्रकार लास्लो बिरो यानें १९३८ सालीं त्याचें पेटंट घेतलें. महायुद्धांत ब्रिटिश वैमानिकांना तें सोयीचें झालें. उंचावर हवेचा दाब कमी झाला कीं फौंटनपेन गळूं लागे, बॉलपेन गळत नसे. पुढें २९ ऑक्टोबर १९४५ रोजीं न्यूयॉर्कमधील गिंबेल्स या दुकानांत रेनॉल्ड्स कंपनीचें बॉलपेन साडेबारा डॉलरला विक्रीस आलें, आणि पहिल्याच दिवशीं तीं हजारोंनीं खपलीं. त्यांतलीं पुष्कळ गळलीं, अडलीं, परत आलीं. तीन वर्षांच्या आंत असल्या पेनांची किंमत एका डॉलरच्याही खालीं घसरली. निराशा तीच, फरक इतकाच कीं, स्वस्त झालेलें पेन कोणी दुरुस्त करीत बसत नाहीं, टाकून देतो.

टिपकागदांत गुंडाळून परत आलेलें तें पेन मीं टाकलें नव्हतें. फुटक्या जुन्या पेनाची एबोनाइटची जीभ कानशीनें घासून त्यांत बसविली, खांच खोल केली, निब दोन वेळां सरळ केली. पुष्कळ दिवस तें खरखरत असे. मग चालूं लागलें. दोन वर्षांमागें तो विद्यार्थी घरीं आला होता. आतां पन्नाशी उलटलेला, हिशेबतपासनिसाचा धंदा उत्तम चाललेला. मीं पेन भरून त्याच्या हातीं दिलें. त्यानें तें ओळखलें. टोपण काढून त्यानें वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर आपलें नांव लिहिलें, वडिलांचें लिहिलें, आणि खालीं बीजगणितांतील एक समीकरण मांडून सोडविलें. शाई एकदांही तुटली नाहीं. “आतां चालतंय कीं, सर,” एवढेंच तो म्हणाला. मग निब पुसण्यासाठीं त्याचा हात शाळेंतल्या संवयीनें डोक्याकडे गेला. तेथें केस फारसे उरलेले नव्हते. कपाळावर एक निळी रेघ उमटली, आणि ती पाहून माझी पत्नी ओला रुमाल आणावयास आंत गेली.